आधी टाकी, मग हुक!

जुन्या जीपला ट्रेलर जोडून कोकण गाठायचं, असा झक्कास प्लॅन होता. पण सीट उचलली आणि सगळं गणितच बदललं…

'चाचा, फक्त मागे हुक लावून द्या!' नाना पेठेतल्या आमच्या मेकॅनिक चाचांना मी एवढंच सांगितलं होतं. बाबांची जुनी सीजे-३बी, मागे छोटा ट्रेलर, त्यात तंबू आणि सायकली. दिवाळीचा बेत एकदम सही!

चाचांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, ''ताई, पेट्रोलचा वास कधीपासून येतोय?''

''तो तर लहानपणापासून!'' मी हसले. चाचा नाही हसले.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही गाडी. चार सिलिंडरचं २.२ लिटरचं इंजिन आणि पेट्रोलची टाकी चक्क पुढच्या सीटखाली! टाकी बाहेर काढली, तर तळाला साबण थापलेला. गळती थांबवायचा आपला पिढीजात फंडा. ''मीच लावला होता,'' बाबा पुटपुटले. सुटीत आम्ही सगळे याच सीटवर दाटीवाटीने बसायचो. अंगावर काटाच आला.

''वेल्डिंग मारून टाका ना,'' मी सुचवलं. चाचा जवळजवळ ओरडलेच! रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण उरतं, एक ठिणगी पुरते. शिवाय पत्रा आतून गंजलेला; एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते पाणी शोषतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. म्हणजे टाकी नवी आणि पाइपही नवे.

काम मोकळ्या हवेत झालं. आधी बॅटरीची वायर काढली. नव्या टाकीवर जुनाच फ्लोट, पण गॅस्केट नवं. काट्याची अर्थिंग घासून साफ केली, नाहीतर पेट्रोल किती आहे ते कळणारच नाही. हवेची नळी फुंकून पाहिली. ती तुंबली तर टाकीत निर्वात होऊन गाडी मध्येच बंद पडते. पत्र्यावर पत्रा घासू नये म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या. मग थोडंसं पेट्रोल ओतून प्रत्येक सांधा बोटाने तपासला. कोरडा!

हुकचं काम त्यामानाने सोपं. तो बंपरला नाही, थेट चासीच्या मागच्या आडव्या पट्टीला बोल्ट केला, आतून जाड प्लेट देऊन. ट्रेलरचं साधारण दहा टक्के वजन हुकवर यावं, सेफ्टी चेन हवीच आणि जुन्या ड्रम ब्रेकच्या जिवावर फार ओझं ओढायचं नाही, हा चाचांचा दम. आणि हो, ट्रेलरचीही नोंदणी लागते. खरेदीआधी आरटीओत विचारा.

ट्रेलरचे पैसे टाकीत गेले. हुक अजून रिकामाच आहे. पण परवा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, तेव्हा बाबांनी शर्टाची बाही हुंगली आणि म्हणाले, ''अगं, वासच नाही!''

तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी आहे? या वीकएंडला पॉलिश नंतर करा. आधी टाकी बघा.