दिव्यांग पार्किंग: ३.६ मीटरचा हिशोब

आज बोलूया पार्किंगमध्ये रंगवलेल्या त्या व्हीलचेअरच्या चित्राबद्दल. 'दोनच मिनिटं लावतो' म्हणत आपण तिथं बाईक घुसवतो ना? आता हिशोब बघा की. साध्या कारची जागा अडीच मीटर रुंद, दिव्यांगांची ३.६ मीटर. वरचा मीटरभर कशाला? दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावायला. तिथं बाईक आली, की कार मावते, पण माणूस उतरूच शकत नाही.

राज्याची २०२० ची बांधकाम नियमावली सोलापूरलाही लागू आहे. तिच्यानुसार सार्वजनिक इमारतीत अशा दोन कारपुरती जागा हवी, तीही प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की दिव्यांगांच्या सोयीचे किमान नियम ऐच्छिक नकोत, बंधनकारक हवेत.

मग पालिकेच्या पार्किंगमध्ये किंवा सिव्हिलला गेलात, तर बघा: जागा आहे का? मोकळी आहे का? नसेल तर फोटो काढून तिथल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही, तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. आणि आपली बाईक? ती थोडी लांब लावू. आपल्याला चालता येतंय की!