धारेआधी पाठ बघा

खोलगट पात्याचा वस्तरा उघडून सपाट दगडावर आडवा ठेवला, की तो दगडाला दोनच ठिकाणी टेकतो. एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला पात्याची जाड पाठ. मधलं सगळं पातं अधांतरी. पहिला वस्तरा घ्यायला निघालेला माणूस बहुधा मुठीचं शिंग किंवा लाकूड बघतो, पात्यावर कोरलेली सोनेरी अक्षरं वाचतो, धारेवरून अंगठा फिरवायला बघतो (हे मात्र करू नका). पाठीकडे कुणाचंच लक्ष जात नाही. खरी करामत तर तिथंच आहे.

स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो. मनगट जरा कललं की कोन बदलला, आणि हे कसब यायला वर्षं जातात. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून सरकवायचं, एवढंच. कोन हाताला धरावाच लागत नाही, तो पात्यातच घडवलेला असतो. हिशेब सोपा आहे. पाठ 5 मिलिमीटर जाड आणि तिथून धारेपर्यंत अंतर 19 मिलिमीटर असेल, तर धारेचा कोन सुमारे 15 अंश येतो. अंतर 16 मिलिमीटर असेल तर 18 अंश. पुढची गोष्ट मला त्याहून सुंदर वाटते. दगडावर धार झिजते तशी पाठही थोडी झिजते. रुंदी घटते, जाडीही घटते, आणि त्यांचं प्रमाण जवळजवळ तेच राहतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा वस्तरा नीट वापरलेला असला, तर पुष्कळदा घडला तेव्हाच्याच कोनाच्या आसपास आजही दाढी करतो.

जुना वस्तरा घ्यायचा असेल तर मी पहिल्यांदा पाठच तपासायला सांगेन ते यासाठीच. दगडावर घासली गेलेली पाठ सपाट, चकचकीत पट्टीसारखी दिसते. ही पट्टी अरुंद आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असेल, तर आधीच्या मालकाचा हात जाणता होता. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला नाहीशी होत असेल, तर एक तर पातं वाकडं आहे किंवा धार लावणाऱ्यानं एकाच टोकावर जोर दिला आहे. असा वस्तरा नवख्यानं घेऊ नये. वरवरचे डाग चालतील, पण गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर ते पातं सोडून द्यावं. खड्ड्यावर धार टिकत नाही. मूठ सेल्युलॉइडची असेल तर नीट बघा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लयुक्त वायू निघतात आणि मुठीत मिटून ठेवलेलं पातंच गंजून जातं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या जुन्या वस्तऱ्यांना हस्तिदंताच्याही मुठी असत. ते दिसायला कितीही देखणे असले तरी आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये.

नव्या वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. 5/8 म्हणजे जवळपास 16 मिलिमीटर, 6/8 म्हणजे 19. पहिल्यांदा घेणाऱ्यानं या दोहोंतलाच एक घ्यावा. 4/8चं अरुंद पातं नाकाखाली छान वळतं, पण त्यावर फेस पटकन साचतो. 7/8 आणि त्यापुढचं रुंद पातं जड असतं आणि ओठाच्या वरच्या जागेत अडचणीचं होतं. टोक मात्र गोल असलेलंच घ्या. चौकोनी टोक मिशीची कड कोरायला उत्तम, आणि कानाची पाळी कापायलाही तितकंच उत्तम.

आता पात्याची बाजू. जुन्या काळी पातं पाचरीसारखं असे, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेलं. एकोणिसाव्या शतकात दोन्ही बाजूंनी गोल दगडांवर घासून पात्याची कूस खोलगट करण्याची कला पुढे आली आणि जर्मनीतल्या झोलिंगन गावानं ती टोकाला नेली. याला हॉलो ग्राइंड म्हणतात. पूर्ण खोलगट केलेलं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं, की दाढीच्या खुंटांवरून जाताना ते किंचित थरथरतं आणि त्याचा बारीक नाद कानावर येतो. दाढी करणारे म्हणतात, वस्तरा गातो. हे नुसतं कौतुक नाही. खुंट जाड असेल, कोन चुकला असेल किंवा धार उतरत असेल, तर नाद बदलतो, आणि डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कानांना कळते. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. म्हणून पूर्ण किंवा अर्धं खोलगट पातं घ्यावं असं माझं मत आहे. पाचरीसारखी जड पाती भव्य दिसतात, पण दगडावर त्यांचा फार मोठा पृष्ठभाग टेकतो आणि धार लावताना नवखा थकून जातो.

झोलिंगनमध्ये वुपर नदीच्या काठी पाणचक्कीवर चालणारे घासणीचे कारखाने होते. त्यांतले काही आजही संग्रहालय म्हणून बघायला मिळतात. ‘झोलिंगन’ हे नाव पात्यावर कुणी घालावं, यासाठी जर्मनीत 1938 साली कायदाच झाला. शेफील्डचा मान त्याआधीचा. तिथं बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं 1740च्या दशकात मुशीत वितळवलेलं एकजिनसी पोलाद तयार केलं. त्याला घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी चांगलं पोलाद हवं होतं. त्याचा फायदा वस्तऱ्यांना झाला. या वैभवाची किंमत घासणाऱ्या कामगारांनी मोजली, हेही सांगायला हवं. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसांत जाऊन त्यांतले पुष्कळ जण तरुणपणीच दगावत.

मुशीतलं पोलाद आपल्या देशात मात्र हंट्समनच्या कितीतरी शतकं आधी होत होतं. दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या दक्षिणेला लोखंड आणि कार्बन देणारं लाकूड-पानं मातीच्या मुशीत बंद करून वितळवत. या पोलादाला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 साली त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. लंडनचे शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमातच पडले. पुढे त्यांनी एका तरुण संशोधकाला हाताशी धरून 1820च्या सुमाराला पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून बघितलं. तो तरुण म्हणजे लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे. विजेचं जग उलगडणाऱ्या फॅरेडेंनी त्याआधी पोलादाच्या मिश्रणांवर काम केलं, आणि त्या पोलादाचे वस्तरे करून मित्रांना भेट दिले. त्या प्रयोगांमागे मुंबईहून निघालेल्या एका पार्सलचा हात होता, हे आठवलं की मला अजून नवल वाटतं.

आजच्या वस्तऱ्याच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन असतो. ते लालबुंद तापवून झटकन थंड केलं की लोखंडाच्या अणूंची रचना बदलते. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो, आणि त्या ताणातून काठिण्य येतं. पण असं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते पुन्हा दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवून थोडं सैलावतात. एक पायरी चुकली, तर धार लागतच नाही किंवा लागलेली धार तुटत जाते. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारे, आरशासारखे चमकणारे अनामिक वस्तरे इथंच मार खातात. पॉलिश नजरेला दिसतं, पाणी दिलेलं दिसत नाही. म्हणून नाव असलेल्या कारखान्याचा साधा वस्तरा घ्या. झोलिंगनचा डोवो, फ्रान्समधल्या तिएर गावचा तिएर-इसार, असे घडवणारे आजही आहेत. साधं कार्बनचं पोलाद की स्टेनलेस, यावर नवख्यानं फार डोकं शिणवू नये. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत राहणाऱ्यानं मात्र स्टेनलेसचा विचार जरूर करावा.

एवढं कठीण पोलाद, मग ते बोथट का होतं? केस तर त्याच्यापुढे मऊ. हा प्रश्न अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मनावर घेतला. त्यांनी रोजच्या दाढीच्या ब्लेडचे फोटो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढले, आणि सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापणारं एक छोटं यंत्र बसवलं. त्यांचा शोध 2020 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरीही केस त्याचे कपचे उडवतो. धार हळूहळू गोल होत जाते असं नाही, तिचे सूक्ष्म तुकडे निघतात. त्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात: केस तिरका धारेवर यावा, पोलादाची आतली रचना तिथं एकसारखी नसावी, आणि केस नेमक्या त्या कमकुवत जागेच्या कडेला लागावा. चांगलं पोलाद म्हणजे आतून एकसारखं पोलाद, ही कारागिरांची जुनी समजूत इथं सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

दाढीआधी गरम पाण्यानं दोन-तीन मिनिटं शेकणं यासाठीच मोलाचं. केस पाणी शोषतो, फुगतो आणि कितीतरी कमी जोरात कापला जातो. दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा असतो, तोही पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. धार पुढे गेली तर पट्टाच कापला जाईल. पट्टा पोलाद फारसं काढत नाही. मायक्रॉनपेक्षाही बारीक असलेली ती कड तो सरळ आणि गुळगुळीत करतो. वळताना वस्तरा पाठीवरच उलटवायचा, धार हवेत ठेवून. इथंही सगळा भार पाठीवरच. वस्तरा घेताना पट्ट्याचे पैसे त्याच खर्चात धरा. दगड मात्र लगेच घेऊ नका.

पहिली धार जाणत्या हातानं लावलेली हवी, कारण कारखान्यातून आलेला नवा वस्तरा बहुतेक वेळा दाढीला तयार नसतोच. विकणाऱ्याला सरळ विचारा, की हातानं दगडावर शेवटची धार लावून देणार का? हो म्हणाला तर थोडे पैसे जास्त द्या. बिनधारेच्या वस्तऱ्यानं पहिली दाढी केलेली माणसं दुसऱ्यांदा त्याला हात लावत नाहीत, आणि दोष स्वतःच्या हाताला देतात. आपल्याकडच्या सलूनमध्ये आता अर्धी ब्लेड बसवायचा वस्तरा असतो. गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलते, आणि एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून ते योग्यच आहे. पण त्यामुळे खऱ्या वस्तऱ्याला धार लावणारे हात कमी होत चालले आहेत. तुमच्या गावात एखादे जुने न्हावीकाका अजून धोकटीत दगड बाळगून असतील, तर वस्तरा घेण्याआधी त्यांच्याकडे जा, त्यांना पातं दाखवा, दगडावर त्यांचा हात कसा चालतो ते बघा.

पहिल्या दिवशी फक्त गाल करा. कातडी दुसऱ्या हातानं ताणून धरा, पातं चेहऱ्याला साधारण तीस अंशांत ठेवा आणि जोर अजिबात लावू नका. हनुवटी आणि नाकाखालचा भाग नेहमीच्या रेझरनं उरका. झाल्यावर पातं पुसून पूर्ण कोरडं करा. पावसाळ्यात तेलाचा पातळ हात फिरवा, आणि वस्तरा बाथरूममध्ये न ठेवता कोरड्या खोलीत ठेवा.