सायकलची वाकलेली लोखंडी फ्रेम : घरी काय सरळ करावे, काय करू नये

दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा किंवा पेंडीचे पोते लादून चालणारी सायकल एखाद्या चारीत आडवी झाली, की तिची फ्रेम हमखास वाकते. वीस लिटर दुधाचेच वजन साडेवीस किलो भरते. त्यात एकाच बाजूला कॅन लटकावण्याची सवय असेल तर मागचा भाग लवकर कलतो. असे काही दोष घरच्या घरी दूर करता येतात. काहींना मात्र हात न लावणेच शहाणपणाचे.

प्रथम फ्रेमला लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले तर फ्रेम पोलादी आहे. न चिकटल्यास ती अ‍ॅल्युमिनियमची समजावी आणि सरळ करण्याच्या फंदात पडू नये, ती तडकते.

त्यानंतर हँडलच्या आखूड नळीमागे दोन्ही दांड्यांच्या खालच्या अंगाने बोट फिरवावे. समोरून ठोकर बसली असेल तर तेथे फुगवटा किंवा घडी लागते, कधी रंगाला आडवी भेग दिसते. अशी फ्रेम भार वाहताना तेथेच मोडते आणि चालविणारा तोंडावर आपटतो. ती बदलावी. भेग वेल्डिंगने बुजवली तरी नळी बहुधा त्याशेजारीच पुन्हा तडकते.

पुढच्या चिमट्याबाबतही तडजोड नको. बाजूने पाहता चिमट्याचा वरचा सरळ भाग हँडलच्या नळीच्या रेषेत असावा. तो मागे दबला असेल, किंवा हँडल फिरवताना एका जागी अडत असेल, तर नवा चिमटा बसवावा. फ्रेमच्या मानाने तो स्वस्त पडतो.

घरी दुरुस्त होण्याजोगा दोष म्हणजे मागच्या दांड्या एका बाजूला सरकणे. चाक एका दांडीला घासते म्हणून फ्रेमला दोष देण्यापूर्वी चेन काढून चाक उलटसुलट बसवून पाहावे. घासण्याची बाजू बदलली तर दोष चाकाचा. आरे आवळून घ्यावेत. तीच बाजू घासत राहिली तर दोष फ्रेमचा.

किती वाकले हे सुतळीने कळते. चाक काढून आस बसण्याच्या एका खाचेला सुतळी बांधावी, ती पुढे हँडलच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या खाचेला ताणून बांधावी. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजावे. एक-दोन मि.मी.चा फरक चालतो. जिकडे अंतर जास्त, तिकडे मागचा भाग सरकलेला आहे.

फ्रेम आडवी ठेवून एकाने ती घट्ट धरावी. ज्या बाजूचे अंतर कमी, ती वर घ्यावी. चार-पाच फुटांचा मजबूत वासा सीटच्या नळीवर टेकवून वरच्या खाचेखालून मागे काढावा आणि टोक हळूहळू उचलावे. दांडी बाहेर येते. मग फ्रेम पालटून दुसरी दांडी आत घ्यावी. त्यासाठी वासा सीटच्या नळीखालून घालून खाचेवरून काढावा व टोक खाली दाबावे. नळीला घाव बसू नये म्हणून गोणपाट गुंडाळावे. पोलाद थोडे परत फिरते, म्हणून एकदम जोर न करता दर वेळी जरासा दाब द्यावा व सुतळी पाहावी. शेवटी दोन खाचांमधील अंतर हबच्या बाहेरील नटांमधील अंतराइतके भरले पाहिजे. कमी भरल्यास चाक ठोकून बसवू नये.

लोहाराच्या भट्टीत फ्रेम तापवू नये. नळ्यांचे सांधे पितळी डाकाचे असतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तो डाक वितळतो. शिवाय एकाच जागी वारंवार वाकवलेले पोलादही ठिसूळ होऊन तडकते. तेव्हा एकदा सरळ केलेली फ्रेम त्याच जागी पुन्हा वाकली तर ती काढून टाकावी.

काम झाल्यावर उघड्या पडलेल्या धातूला रंग लावावा. पहिले आठ दिवस निम्माच भार वाहावा, तोही दोन्ही बाजूंना सारखा, आणि नंतर सुतळी लावून मोजमाप पुन्हा तपासावे.