जुन्या लाकडी जमिनीस नवा जोड

घराची बैठक वाढविली, की तेथील लाकडी जमीनही पुढे वाढवावी लागते. इंद्रायणीकाठच्या तळवडे गावी वैशाखात हवा कोरडी असते, तर आषाढात दमट. जोडाचे यशापयश या फरकावरच अवलंबून असते. कारण लाकूड कापून, रंधा मारून गुळगुळीत केले, तरी हवेतील ओल घेणे व सोडणे ते थांबवीत नाही. लांबीत त्याची हालचाल नगण्य असते. ती होते रुंदीत. शंभर मिलिमीटर रुंद सागवानी फळीतील ओल ४ टक्क्यांनी वाढली, तर फळी पाऊण मिलिमीटरपर्यंत फुगते. अशा ३० फळ्या घट्ट भिडविल्या, तर त्या सव्वादोन सेंटिमीटरपर्यंत जागा मागतात. ती न मिळाल्यास जमीन मध्येच उचलते, आणि दोष मात्र सुताराच्या माथी येतो.

म्हणून नव्या फळ्या आणल्या त्याच दिवशी ठोकू नयेत. मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रीतीने, त्या एक-दोन आठवडे त्याच खोलीत रचून ठेवाव्यात. जाडी कमी पडल्यास खालून पातळ पट्टी देऊन वरची पातळी साधावी. दिशा एकच असेल, तर फळ्यांची टोके गवंड्याच्या सांधेमोडीप्रमाणे मागेपुढे गुंफावीत. दिशा बदलत असेल, तर जोड उंबरठ्याशी घेऊन वर पट्टी बसवावी. ती मात्र एकाच अंगास ठोकावी. दोन्ही भिंतींशी सव्वा-सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून कडेच्या पट्टीने झाकावी. शेवटी जुन्या-नव्या जमिनीची घासाई व पॉलिश एकदमच करावे, म्हणजे रंगातील तफावत कमी होते.