कुलाब्याची सुहैली

न थांबता, एकट्याने जगप्रदक्षिणा करणारी पहिली शिडाची बोट मुंबईत बांधलेली होती, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं. तिचं नाव सुहैली. 32 फुटांची, दोन डोलकाठ्यांची, अस्सल सागवानी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज दर्यावर्दी नोकरीनिमित्त इथे होता. त्याने 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात कुलाब्यात ती बांधून घेतली. सुतारांचं काम हाताचं: वाकसाने तासायचं, सामत्याने भोक पाडायचं.

14 जून 1968ला एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीसाठी तो इंग्लंडच्या फाल्मथहून निघाला आणि थोड्याच दिवसांत बोट गळू लागली. तळाच्या कण्याजवळ फळ्यांची सांध सुटली होती. भर अटलांटिकमध्ये श्वास रोखून तो बोटीखाली बुड्या मारत राहिला. फटीत नुसता कापूस ठासून भागेना, म्हणून त्याने कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासलं आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकून बसवली. मधेच शार्क आला, त्यालाही गोळी घालावी लागली. ही डागडुजी टिकली! 22 एप्रिल 1969ला तो परतला. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारा तो एकटाच.

पुढेही सुहैली शोभेची वस्तू झाली नाही. 1991मध्ये ती ग्रीनलंडला जाऊन आली. मग 1997मध्ये ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात गेली आणि तिथेच खरी खंगली. दक्षिण महासागराने जे केलं नाही, ते बंद दालनातल्या कोरड्या हवेने केलं: फळ्या आकसल्या. 2002मध्ये मालकाने तिला बाहेर काढलं. जुन्या लोखंडी खिळ्या-बोल्टांना गंज चढलेला. ते उपसून नवे बसवणं हे कंबर मोडणारं काम, पण काही वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, हा गृहस्थ स्वतः हत्यारं घेऊन त्यात उतरला. एवढ्या पैशांत नवी फायबरची बोट आली असती, असं कुणी म्हणेल. येईलही, पण ती सुहैली नसेल.

14 जून 2018ला, बरोबर पन्नास वर्षांनी, 79 वर्षांचे सर रॉबिन तिला घेऊन पुन्हा फाल्मथच्या पाण्यात होते. त्या पहिल्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त त्याच वर्षी पुन्हा भरलेल्या शर्यतीसाठी भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांनी सुहैलीची लाकडी प्रतिकृती, थुरिया, गोव्यात बांधून घेतली होती. सप्टेंबरमध्ये हिंद महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. जखमी टॉमींना वाचवण्यात आलं. थुरिया मात्र समुद्रातच सोडून द्यावी लागली.