बी प्लसची दुसरी बाजू

1978 चा मे महिना. न्यूयॉर्कच्या ‘बॉटम लाइन’ क्लबात रॉक गायक लू रीड गात होता. मध्येच गाणं राहिलं बाजूला आणि गडी एका समीक्षकाचं नाव घेऊन भर कार्यक्रमात शिव्या द्यायला लागला. आपण वर्षभर राबून अल्बम करायचा आणि पेपरातल्या कुणीतरी त्यावर ‘बी प्लस’ असा शेरा मारायचा, याचा त्याला संताप होता. हे सगळं रेकॉर्ड होत होतं. त्याच वर्षी ‘लाइव्ह: टेक नो प्रिझनर्स’ या दुहेरी अल्बममधून ते शिव्यांसकट बाजारात आलं. समीक्षकाने अल्बम ऐकला, आपल्या नावाचा उच्चार बरोबर केल्याबद्दल रीडचे आभार मानले आणि ग्रेड दिली: सी प्लस.

हा समीक्षक म्हणजे रॉबर्ट ख्रिस्टगाऊ. जन्म 1942 चा, न्यूयॉर्कमधलाच. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात 1969 साली त्याने ‘कन्झ्युमर गाइड’ नावाचं सदर सुरू केलं. आपल्या मासिकांत शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ असते ना, साधारण तेवढ्या जागेचा मामला. पण इथे पोच नव्हती, थेट निकाल होता. एका हप्त्यात वीसेक अल्बम, प्रत्येकावर एक छोटा परिच्छेद आणि ए प्लसपासून ई मायनसपर्यंत एक ग्रेड. तो काळ हिप्पींचा. रॉक म्हणजे क्रांती, आणि हा बाबा तिला फ्रिज-मिक्सरसारखे गुण देत बसलेला! खोडी मुद्दामच काढलेली होती.

हे गुण म्हणजे निव्वळ लहर असणार, असं मला वाटायचं. मग त्याने स्वतः लिहिलेल्या ग्रेडच्या व्याख्या वाचल्या आणि चाटच पडलो. त्या तबकडीच्या बाजूंवर बेतलेल्या आहेत! एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, मग उठून ती उलटायची. ख्रिस्टगाऊचा ‘ए’ म्हणजे दोन्ही बाजू पुन्हापुन्हा ऐकाव्याशा वाटतात आणि दर वेळी काही नवं हाती लागतं. ‘ए मायनस’ म्हणजे एक बाजू थोडी सैल पडली, तरी तिच्यातही चारदोन गाणी फक्कड. आणि ज्यावरून रीडचा तिळपापड झाला तो ‘बी प्लस’? एक बाजू टिकाऊ, दुसरीवर निदान एक गाणं मजेचं. म्हणजे चांगलंच की! ‘सी’ची व्याख्या तर मला फार आवडते: सफाई आहे किंवा किंचित प्रतिभा आहे, पण दोन्ही एकदम नाहीत. (किती भावगीतांचे अल्बम आठवले, ते इथे सांगत नाही.) तळाशी ‘ई मायनस’. तशी तबकडी पुन्हापुन्हा ऐकली की समोरच्या पोकळीचं भय वाटू लागतं, अशी तिची व्याख्या.

म्हणजे ही ग्रेड कलेच्या उंचीचं माप नव्हेच. ही तबकडी माणूस पुन्हा लावेल का आणि उठून उलटेल का, याचा तो अंदाज आहे. आपण कॅसेटची फक्त ‘ए’ बाजू ऐकून रिवाइंड करायचो, तेव्हा नकळत हेच करत होतो.

दुसरी नवलाची गोष्ट त्याच्या एका शब्दाची. सेमीक्लासिकलच्या चालीवर त्याने ‘सेमीपॉप्युलर’ असा शब्द काढला. ठुमरी-दादऱ्याला आपण उपशास्त्रीय म्हणतो, तसं हे ‘उपलोकप्रिय’ म्हणा. घाट लोकप्रिय गाण्याचा, पण लोक काही फारसे ऐकायला येत नाहीत. पुढे ज्याला इंडी (मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं) म्हणू लागले, त्यातल्या बऱ्याच संगीताचं वर्णन या एका शब्दात आधीच झालं होतं. इंडीवाल्यांशी त्याचं सख्य मात्र सरळ नव्हतं. सॉनिक यूथ या बँडने 1983 साली गाण्यात त्याचं नाव घालून टोमणा मारला. पाच वर्षांनी त्यांचा ‘डेड्रीम नेशन’ हा अल्बम आला, त्याला ख्रिस्टगाऊने ए दिला.

त्याचे पूर्वग्रहही ठणठणीत आहेत. हेवी मेटल त्याला रुचत नाही, आर्ट रॉकही नाही, आणि तो ते लपवत नाही. पण वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेतला ‘द इन्डिस्ट्रक्टिबल बीट ऑफ सोवेटो’ हा झुलू गाण्यांचा संग्रह अमेरिकेत आला, तेव्हा याने त्याला थेट ए प्लस दिला. ए प्लस तो अगदी हात आखडून देतो. शब्द कळत नसताना, चाल आणि गिटारच्या भरवशावर एवढा मोठा निकाल देणं ही छातीची गोष्ट आहे.

मग सीडी आली आणि तबकडीची बाजूच गेली. सलग तासाभराचा ऐवज, उलटायचं काहीच नाही. अल्बमही इतके निघू लागले की सगळ्यांना ग्रेड देणं अशक्य झालं. 1990 मध्ये त्याने पद्धत बदलली. मधल्या अल्बमना एखादी ओळ, एखादंच गाणं बरं असेल तर नावापुढे कात्रीचं चित्र आणि फुसक्यांना बॉम्ब. परिच्छेद आणि ग्रेड मुख्यतः त्याला आवडलेल्यांसाठी राहिले. बिनकामाच्या अल्बमवर बॉम्बचं चित्र, हे परीक्षण मला अजून पूर्ण वाटतं.

2006 साली ‘व्हिलेज व्हॉइस’ने त्याला काढून टाकलं. सदर मग दोन-चार ठिकाणी फिरलं आणि 2019 पासून तो ते वर्गणीदारांना ई-मेलने पाठवू लागला. ऐंशी उलटल्यावरही ग्रेड देणं त्याने सोडलं नाही.