‘आणखी शंभर फूट’ आणि काळा पाषाण

जमीन जितकी खोल विंधावी तितके पाणी अधिक, ही समजूत महाराष्ट्रात इतकी खोलवर रुजलेली आहे की दोनशे फुटांपर्यंत कोरडा धुरळाच वर येत असतानाही बोअर थांबवण्याऐवजी ‘आणखी शंभर फूट’ घेण्याचा निर्णय होतो, आणि त्या शंभर फुटांतही काही लागले नाही तर चूक समजुतीची न मानता नशिबाची मानली जाते. घरची विहीर, बोअर आणि पंप यांविषयीच्या अनेक गैरसमजांत सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे. त्याच्या मुळाशी जमिनीखाली कुठेतरी पाण्याचे अखंड तळे किंवा वाहती नदी आहे आणि पुरेसे खाली गेले की तिथे पोहोचता येते, असे एक चित्र असते. ते चित्र गंगेच्या गाळाच्या मैदानात काही अंशी तरी खपून जाईल. दख्खनच्या पठारावर मात्र त्याला कसलाही आधार नाही.

राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग ज्या खडकाने व्यापलेला आहे तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतील लाव्हा एकावर एक थरांनी साचून तयार झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्यांचा झाला, तर मधला आणि खालचा भाग घट्ट, भरीव राहिला, ज्याला गावात काळा पाषाण किंवा नुसते पाषाण म्हणतात. या पाषाणाला वाळूसारखी अंगची सच्छिद्रता जवळजवळ नसते. त्यात पाणी राहते ते केवळ भेगांमध्ये, सांध्यांमध्ये आणि दोन थरांच्या जोडावर. पोकळ्यांच्या थरातही पाणी असेलच असे नाही, कारण त्या पोकळ्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि अनेकदा झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेल्या असतात. उरतो तो पृष्ठभागालगतचा झिजलेला, भुसभुशीत झालेला थर, म्हणजे मुरूम, आणि त्याखालचा तडकलेला खडक. पावसाचे पाणी मुरते ते प्रामुख्याने इथे आणि साठतेही इथेच. जसजसे खाली जावे तसतशा वरच्या खडकाच्या भाराने भेगा आवळत जातात आणि त्यांची संख्याही घटते, म्हणून खोलीबरोबर पाणी लागण्याची शक्यता सामान्यतः कमी होत जाते.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की पाणी लागले नाही तरी खोल बोअरमध्ये साठा तर होईल. हा युक्तिवाद करणाऱ्याने एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. ६ इंच व्यासाच्या बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी मावते. म्हणजे शंभर फूट जास्तीचा पाषाण फोडून मिळणारी साठवण साडेपाचशे लिटर, दोनशे लिटरची तीन पिंपे देखील पूर्ण भरत नाहीत. उलट २० फूट व्यासाच्या साध्या उघड्या विहिरीत एका फुटाला सुमारे ८,९०० लिटर पाणी असते. व्यास चाळीस पट असल्यामुळे क्षेत्रफळ सोळाशे पट होते, हे शाळेतलेच गणित आहे, आणि विहिरीतील एका फुटाची बरोबरी करण्यासाठी त्या बोअरला १,६०० फूट जावे लागेल. बेसाल्टच्या प्रदेशात रात्रभर हळूहळू पाझरणारे पाणी रुंद विहिरीत साठवून सकाळी उपसायचे, ही जुन्या लोकांची रीत या खडकाला शोभणारी होती.

मग शेजाऱ्याला चारशे फुटांवर पाणी कसे लागले? लागू शकते, एखादी मोठी उभी भेग किंवा दोन थरांमधला झिजलेला जोड नेमका छेदला गेला तर खोलवरही पाणी मिळते, दाबाखाली असल्यास ते बोअरमध्ये बरेच वरही चढते, आणि ही गोष्ट पुढची दहा वर्षे गावभर सांगितली जाते. त्याच आळीत कोरडे गेलेले बोअर मात्र झाकण ठोकून विसरले जातात. शिवाय बोअर घेताना ‘दोन इंची पाणी लागले’ असे जे जाहीर होते ते गाडीच्या कॉम्प्रेसरने हवेच्या जोरावर त्या क्षणी बाहेर फेकलेले पाणी असते. भेगेत वर्षानुवर्षे साठलेले पाणी एकदा निघून गेल्यावर नवे किती वेगाने येते, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी काही तास सलग उपसा करून पातळी किती उतरते आणि पंप बंद केल्यावर किती वेळात सावरते, हे मोजावे लागते. घरगुती बोअरवर ही चाचणी क्वचितच कोणी करतो. विंधणाऱ्याचा दर फुटावर असतो, ही गोष्टही सल्ला ऐकताना विसरून चालत नाही. आणि वरचा मुरूम बोअरमध्ये ढासळू नये म्हणून बसवलेला केसिंग पाइप पुष्कळदा नेमक्या पाणी असलेल्या थरालाच बंद करतो, हा यातला विनोदी भाग.

तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाचा प्रदेश या विवेचनाला अपवाद आहे. तिथे वाळूचे थर खोलवर असतात, परंतु अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात त्या पाण्याचा खारेपणा हीच अडचण होऊन बसते. खोल पाणी खडकाच्या सहवासात दीर्घ काळ राहिलेले असते, त्यामुळे त्यात विरघळलेली खनिजेही अधिक असू शकतात, आणि यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडमुळे दात आणि हाडे बिघडल्याच्या नोंदी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. ‘जमीन माझी, कितीही खोल जाईन’ हे वाक्यही आता कायद्याने अर्धेच खरे आहे, कारण महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ प्रमाणे ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, ही खोल विहिरीची सीमा असून अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योगांसाठी तिच्यापलीकडे विंधण्यास मनाई आहे.

बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याविषयी थोडक्यात. तळहातावरचा नारळ उभा राहतो किंवा दुबेळकी फांदी वळते ती हाताच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालीने, आणि तिने दाखवलेल्या जागी पाणी लागते याचे कारण मुरमाच्या थरात पावसाळ्यानंतर थोडेफार पाणी बहुतेक ठिकाणी लागतेच. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सुमारे पाचशे पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या घेतल्या गेल्या, ज्यांत खालच्या मजल्यावर हलवता येणारा पाण्याचा नळ वरच्या मजल्यावरून ओळखायचा होता; काही मोजके जण यशस्वी ठरल्याचा आयोजकांचा दावा जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासून खोडून काढला. वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्ष आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्याविषयी लिहिले, त्याचा दाखला नारळवाल्यांनी देऊ नये. खुणा पाहणे निराळे आणि नारळ नाचवणे निराळे.

पंपाच्या बाबतीत मोठ्या अश्वशक्तीची मोटर बसवली की पाणी वाढते, असे मानले जाते. वाढतो तो उपशाचा वेग, आणि झऱ्याचा वेग तोच राहिल्याने विहीर लवकर तळ गाठते. मग कोरडी फिरणारी सबमर्सिबल मोटर, जी थंड राहण्यासाठी भोवतालच्या पाण्यावरच अवलंबून असते, जळते. काठावर ठेवलेला मोनोब्लॉक पंप जोर वाढवून तीस-चाळीस फुटांवरचे पाणी ओढेल, हेही अशक्य आहे, कारण पंप पाणी ओढत नाही; नळीत तो निर्वात पोकळी करतो आणि हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि हा दाब समुद्रसपाटीलाही पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो. व्यवहारात वीस-बावीस फुटांपलीकडे भरवसा नाही, म्हणून तर विहिरीच्या आत कठडा बांधून पंप खाली बसवतात.

पाणी नितळ आणि चवीला गोड म्हणजे शुद्ध, हे खरे नाही: जंतू आणि नायट्रेट दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उकळल्याने जंतू मरतात पण नायट्रेट व फ्लोराइड जागच्या जागी राहतात. विहिरीत सोडलेले गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, जंतू नव्हे. जंतू मारणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ‘अंदाजाने ओंजळभर’ टाकण्याची चीज नाही. चांगल्या प्रतीची, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे २० फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर सव्वादोनशे ग्रॅम, तीही बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून. त्यानंतर किमान अर्धा ते एक तास थांबून ओटी चाचणीने शिल्लक क्लोरीन पाहावे लागते. जड पाण्याने मुतखडा होतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्यावर आधारित मर्यादाच ठरवलेली नाही. जड पाणी साबण आणि गिझर मात्र नक्की खाते.

छपराचे पाणी थेट बोअरमध्ये सोडले की पुनर्भरण झाले, ही अलीकडची समजूत, तिच्यातला हेतू चांगला असल्यामुळेच अधिक त्रासदायक आहे, कारण कौलांवरची माती, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा त्यासोबत सरळ भूजलात उतरते. पहिल्या पावसाचे पाणी वगळून, उरलेले वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून सोडले तर सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात हजार चौरस फुटांच्या छपरावरून, वीस टक्के वाया गेले असे धरूनही, वर्षाला सुमारे ५२ हजार लिटर पाणी मिळते. आणखी शंभर फुटांत मावणाऱ्या पाण्याच्या हे जवळजवळ पंचाण्णव पट आहे.